ज्योतिबाचा खिसा

प्रिय तबरेज,

काल खदीजाभाभींचा फोन आला. मला थेट न सांगता तू त्यांच्याकरवी निरोप धाडलास, नव्या सिनेमातल्या ज्योतिबाच्या भूमिकेसाठी दुसरा माणूस बघ म्हणून. आणि लगेच विचारतात कशा, तो दुसरा माणूस माझ्या हातची सुरमई खाईल ना, की डाएटवाला आहे? मी हसलो आणि हे पत्र लिहायला बसलो. मला तोंडी उत्तरं जमत नाहीत, हे तू जाणतोस.

मी कुठल्या फिल्म स्कूलची पायरी चढलो नाही, हे मी प्रत्येक मुलाखतीत छाती काढून सांगतो. पावणे गावच्या वर्कशॉपात लेथवर जे शिकलो तेच कॅमेऱ्यामागे वापरलं: माप चुकलं की वस्तू बसत नाही. पुढचं वाक्यही मी दर वेळी सांगतो, पण छापणारे ते गाळतात. माझी माणसं जन्मली कागदावर, चालायला लागली ती तुझ्या पायांनी.

आठवतो तो पहिला खिसा? आपल्या पहिल्या सिनेमातल्या वॉचमनचा. एका कंटेनरमध्ये समुद्र कोंडलाय, असं ज्याला वाटायचं तो. संवाद द्यायच्या आधी मी तुला त्याच्या खिशातल्या वस्तू दिल्या: बिडीचं बंडल, कंटेनरचं तुटलेलं सील, पितळी चावी. महिनाभर हे बाळग, मग बोलू, म्हणालो. तू दिवसभर जासईच्या कंटेनर यार्डात माल सोडवायची, क्लिअरिंगची कामं करायचास, आणि कस्टमच्या साहेबांपुढे पेन काढताना बिड्या सांडायच्या. तुझी इज्जत गेली, माझा वॉचमन तयार झाला.

आणि तो घोळ! तुझी घरची चावीही पितळीच. ती वॉचमनच्या खिशात गेली, आणि शूटिंग संपल्यावर मी शिरस्त्याप्रमाणे खिशातल्या वस्तू डब्यात घालून, चिकटपट्टी लावून सीवूड्सला घरी घेऊन आलो. भाभी पनवेलला बहिणीकडे. तू माझ्या दारात उभा. मी म्हणालो, सीन पूर्ण झाल्याशिवाय डबा उघडणार नाही, कंटिन्युइटी आहे, वस्तू जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. दुसरा कुणी असता तर डबा माझ्या डोक्यात घातला असता. तू वॉचमनच्याच कपड्यांत आमच्या सोफ्यावर झोपलास. भाभींनी फोनवर सुनावलं होतं, चावी त्याच्याकडे आहे तर संसारही त्यालाच करू दे. सकाळी तुझ्या अरुणावहिनीने चहा दिला, तर तू कप कानाला लावून बसलेला, आत लाटा ऐकत. अरुणा घाबरली. मी धावत कॅमेरा आणला. सिनेमाचा शेवट तोच ठरला. परदेशातल्या एका महोत्सवात एक म्हातारी बाई मला विचारत होती, तो वॉचमन आता बरा आहे ना? सिनेमा आवडला का, हे तिने सांगितलंच नाही. एवढं मोठं बक्षीस मला पुन्हा मिळालं नाही.

आता हा ज्योतिबा. रिटायर झालेला पोस्टमन, कंटेनरांनाच घरं समजून दारोदार पत्रं वाटणारा. मितेश पैसे लावतोय, त्याने एक गाजलेलं नाव सुचवलं. मी त्याला एवढंच विचारलं, या माणसाच्या खिशात काय असेल ते तुझा हिरो सांगेल का? तो म्हणाला, दिनूदादा, टेन्शन देऊ नका, तुमचं तुम्ही ठरवा.

गेल्या आठवड्यात भेटायला आलो होतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझं बोलणं सावकाश झालंय, शब्द निवडून येतात. उजवा हात मांडीवर पडून असतो. चष्मा काढायला तू डावा हात छातीवरच्या डाव्या खिशाकडे नेलास, कोपर अवघडलं. माझी नजर तुला दिसली आणि तू म्हणालास, राहू दे, काही वाचायचं नाहीये. तो निरोप तेव्हाच तुझ्या मनात तयार झाला असावा.

सोबतच्या पार्सलात ज्योतिबाचा खाकी शर्ट आहे. खिशात चष्मा, वेलदोडा आणि पत्ता नसलेलं एक पाकीट. पोस्टमन आयुष्यभर घाईत बोलला, आता सावकाश बोलेल; घाई कंटेनरांना नसते. शिंप्याने दोनदा विचारलं, साहेब, उलटं होतंय, खिसा डावीकडे असतो. मी म्हणालो, याचा उजवीकडेच हवा. घालून बघ. डावा हात सरळ पोचतो. माप मी स्वतः घेतलंय, माझ्या अंगावर, उजवा हात मांडीवर ठेवून. महिनाभर बाळग, मग बोलू. आणि भाभींना सांग, सुरमई लागेल.

तुझ्या होकाराची नाही, पहिल्या तालमीची वाट पाहणारा,
तुझाच दिनू