सायकलवर बोलायचं नाही

जिंतूर,
मार्गशीर्षातला रविवार

तीर्थरूप सौ. आक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, परमेश्वरचा, नमस्कार. नेहमी साष्टांग लिहितो, पण आठ अंगांपैकी उजवा पाय सध्या उशीवर ठेवलेला असल्यामुळं या खेपेला सात अंगांवर भागवून घे. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत ते कुरकुरतात आणि मग तूही कुरकुरतेस (असं मी म्हणत नाही, भाचे म्हणतात). इकडं आम्ही खुशाल आहोत. हा खुशाल शब्द मी आजवर सवयीनं लिहीत आलो, आज विचार करून लिहितोय. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तर एक म्हणजे माझ्या फोनचा खडकावर आपटून चुरा झालाय, आणि दुसरं म्हणजे मी फोनवर रंगात आलो की दूध उतू चाललं म्हणून तू फोन ठेवून देतेस. पत्र वाचताना तुझं दूध उतू गेलं तरी ते मला कळायचं नाही.

आपले व्याही व्यंकटराव तुझ्या लक्षात असतीलच. निकिताच्या लग्नात पंगतीतून हिंडत प्रत्येकाला नावानिशी आग्रह करत होते, तेच. गेल्या साली त्यांच्या मंडळी, पार्वतीबाई गेल्या आणि या माणसाचं बोलणं आटलं. परभणीला मुला-सुनेजवळ राहायचे, पण घरात असून नसल्यासारखे. चहा झाला का म्हटलं की मान हलवायची, जेवता का म्हटलं की मान हलवायची. हो कोणती आणि नाही कोणती, हे ओळखायला जीवन आणि निकिता शिकले होते. एक दिवस निकिताचा फोन आला. रडत म्हणाली, "बाबा, मामंजी दिवसभर भिंतीकडं बघत बसायलेत. मला लय भीती वाटायलीय. तुमी कायतरी करा."

कायतरी करा म्हटल्यावर मला जे येतं तेच मी केलं. परभणीला गेलो आणि त्यांच्याशी बोललो. पाऊस, पाहुणे, सोयाबीन, माझी बढती, माझी हुकलेली बढती, माझं पित्त, सगळं बोललो. ते ऐकत होते की नव्हते देव जाणे. शेवटी मी पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात म्हणाले, "माळावर सायकलनं हिंडून येऊ." मला एवढा आनंद झाला की मी लगेच हो म्हटलं. (मी सायकलवर शेवटचा बसलो तेव्हा डोक्यावर केस होते, हे मागाहून आठवलं.) मग त्यांनी अट घातली. सायकलवर बोलायचं नाही.

आक्का, तू मला पाळण्यात असल्यापासून ओळखतेस. वर्गात गप बसावं म्हणून गुरुजी मला फळा पुसायला उभं करायचे आणि मी फळ्याशी बोलायचो. पण पोरीचं रडणं कानात होतं. कबूल झालो.

त्यांची जुनी काळी सायकल जीवननं पिकअपमध्ये घालून जिंतूरला पोचवली. मला तुझ्या भावजयीच्या भाच्याची गिअरची सायकल मिळाली. तिच्यात इतके गिअर होते की योग्य तो सापडेपर्यंत चढ संपून उतार लागायचा. भावजयीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आयोडेक्सची बाटली बांधून दिली (बाईचा विश्वास पाहा), आणि आम्ही सकाळी येलदरीच्या बाजूला निघालो. गाव सुटून डोंगराच्या अंगाला लागलं की रस्ता एकेक करून शेतं टाकून देतो. कापूस संपतो, तूर संपते, आणि मग नुसता पिवळा पडलेला कुसळीचा माळ, काळे धोंडे आणि पावसाच्या पाण्यानं जमीन चिरून केलेल्या घळी. माणूस नाही, घर नाही. असल्या जागी माणसाला किती बोलावंसं वाटतं ते तुला काय सांगू! एका वळणावर काळवीट उभं होतं. ऐटीत मान वळवून आमच्याकडं बघत होतं. बोलायचं नाही म्हणून मी हात सोडून बोट दाखवायला गेलो आणि थेट बोरीच्या जाळीत घुसलो. व्यंकटराव मागं आले, मला ओढून काढलं, पाठीतले काटे उपटले, सदरा झटकला, आणि एक अक्षर न बोलता पुन्हा सायकलवर बसले. पुढं मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री लागली. त्यांना कुणी काही अट घातलेली नव्हती. त्या गडबडीत मला योग्य तो गिअर पहिल्यांदा सापडला.

पण खरं सांगू का, ऊन कलायला लागल्यावर मला त्या गप्प बसण्याची गोडी लागली. साखळीची खरखर, गवतातून जाणारा वारा, कुठंतरी वर उडत गाणारा चंडोल. पुढं व्यंकटरावांची पाठ हलत होती आणि ती पाठ भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाची वाटत नव्हती. मी मनात म्हटलं, हे चांगलं झालं. आणि ते म्हणण्यात ब्रेक दाबायचा राहिला. उतारावर मुरूम होता. सायकल कडेला सरकली, आणि मी व ती असे दोघं घळीत गेलो.

पडताना मी ओरडलो नाही, कारण अट होती. (भावजय म्हणते, एवढा शब्द लग्नात दिलेला पाळला असता तर!) भानावर आलो तेव्हा पाय सायकल आणि धोंडा यांच्यामध्ये अडकलेला, फोन फुटलेला, आणि वर आभाळाची एक निमुळती पट्टी. व्यंकटराव पुढं निघून गेले होते. आता अट मोडून मी हाका मारायला लागलो, पण घळीतला आवाज विहिरीतल्यासारखा, जागच्या जागीच घुमायला लागला. आक्का, तेव्हा मात्र मी भ्यालो. ते पाठीमागं न बघता येलदरीला पोचतील, तोवर दिवस बुडेल, आणि निकिताला कोण काय सांगणार, असं डोक्यात यायला लागलं.

पुढचं मला नंतर कळलं ते असं. पुढच्या चढावर व्यंकटरावांनी मागं बघितलं तर रस्ता मोकळा. ते सायकल फिरवून हाका मारत आले. आधी परमेश्वरराव म्हणून मारत होते, मग घशाला कोरड पडली तसा राव गळाला. वर्षभर ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता तो माणूस भर माळावर दोन्ही हात वर करून ओरडत होता, "परमेश्वरा! कुठं हायस रे परमेश्वरा?"

तिथं दगडाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या राखत होती. तिनं हे बघितलं आणि जवळ येऊन समजुतीनं सांगितलं, "बाबा, देवाला येवढ्या जोरात बलवू न्हाई. त्यो बहिरा न्हाई."

व्यंकटराव म्हणाले, "माझा परमेश्वर सायकलवर व्हता, बाई. निळ्या सदऱ्यात."

यावर तिची खात्रीच झाली. तिनं त्यांना पळसाच्या सावलीला बसवलं, पाणी पाजलं, घरी कोण कोण असतं विचारलं, आणि ते उठायला लागले की सायकलचं हँडल धरून ठेवायला लागली. इकडं मी घळीत अडकलेला. शेवटी तिची एक शेळी चुकार निघाली आणि घळीच्या काठावर येऊन माझ्याकडं बघत रवंथ करायला लागली. तिला हाकलायला दगडाबाई आली, वाकली आणि मागं वळून शांतपणे म्हणाली, "हाय की वो तुमचा परमेश्वर. हितं पडलाय."

व्यंकटराव बसून, घसरत, धोतर फाडून घेत खाली उतरले. सायकल उचलून पाय मोकळा केला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. बोलायला मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा मला शब्द सुचेना. तेव्हा त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाले, "कायतरी बोला, इवाई. ती बी अशीच गप झाली व्हती. गप माणसाचं मला लय भ्या वाटतं."

मी म्हणालो, "पाय दुखायलाय." काही थोर वाक्य नव्हे, पण ते तिथंच मुरमात बसले आणि लहान पोरासारखे रडले. दगडाबाई काठावरून बघत होती, तिनंही पदर डोळ्याला लावला. मग उगीच शेळीला शिव्या दिल्या.

येताना कापसाचा टेम्पो मिळाला. दोन्ही सायकली आणि आम्ही कापसावर आडवे, आणि व्यंकटराव बोलायला लागले. लग्नाच्या नव्या नवलाईत ते पार्वतीबाईंना कॅरेजवर बसवून देवगाव फाट्याला एसटीसाठी निघाले होते. एका खड्ड्यात त्या पडल्या. हे मात्र शेतात विहीर कुठं पाडायची ते त्यांना समजावून सांगत फाट्यापर्यंत गेले, दोन चहा सांगितले आणि मग मागं बघितलं. त्या धुळीनं माखून चालत आल्या, बसल्या आणि आधी चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, विहीर पूर्वेला पाडा. तेव्हापासून यांची सायकलवर बोलायचं नाही ही शपथ. सांगताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते. म्हणाले, बोललं तरी माणूस पडतं, न बोललं तरी पडतं, मग बोललेलं काय वाईट?

डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. हाड शाबूत आहे, नुसता मुरगळलाय. व्यंकटराव परभणीला परत गेले आणि काल निकिताचा भावजयीच्या फोनवर फोन आला. पुन्हा रडत होती, पण हे रडणं निराळं होतं. मामंजींनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून जीवनशी भांडण काढलं म्हणे. पोरगी म्हणाली, "बाबा, घर भरल्यासारखं वाटायलंय." आक्का, त्यानंतर मी जो झोपलो तो तुझ्या भावजयीनं चहाला हलवल्यावरच उठलो.

दाजींना नमस्कार. गुडघ्यांना जप आणि मुलाबाळांना माझ्या वाटचे आशीर्वाद तूच देऊन टाक.

तुझा,
परमेश्वर

ताजा कलम : लिहिण्याच्या भरात मूळ मुद्दा राहिला. पाय बरा झाला की मी आणि व्यंकटराव पुन्हा निघणार आहोत आणि दाजींना बरोबर यायचंय. सायकलचा प्रवास किती सुरक्षित आणि बिनधोक असतो ते आक्काला पटेल असं लिही, म्हणून त्यांनीच मला गळ घातली होती. तर वरचं सगळं सोडून दे आणि एवढंच वाच.

ताजा कलम दुसरा : नाही म्हणू नकोस. त्यांनी सायकल घेऊनही टाकलीय. तुमच्या सोनपेठच्या बाजारात पंडितच्या दुकानामागं गोणपाटाखाली झाकून ठेवलीय, आणि रोज ज्या भजनाला जातात ते भजन तिच्यावरच चालतं. हे मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नकोस.