खोलीचे तीन आकडे

प्रिय बाबा,

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "ठमे, एवढ्या-तेवढ्यासाठी नोकरीवर पाणी सोडू नकोस." मी फोन ठेवून दिला, कारण तोंड उघडलं असतं तर तुम्हाला लागेल असंच काही बोलले असते. कागदावर तरी जीभ जरा ताळ्यावर राहते. आधीच सांगून टाकते, त्या भाषांतरावर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही.

साहेबांनी तुमच्या कानावर काय घातलंय कोण जाणे. खरा प्रकार असा आहे. आमची कंपनी विकतेय ती सहा प्रवासी बसतील अशी छोटी पाणबुडी, काचेतून समुद्राचा तळ दाखवणारी. तिच्या मूळ जर्मन माहितीपुस्तकात खोलीचे तीन आकडे आहेत. नेनटीफे साठ मीटर, म्हणजे रोज माणसं घेऊन जायची हद्द. प्र्यूफटीफे नव्वद, ती फक्त चाचणीपुरती. आणि ते मालगाडीएवढं लांब झेरश्ट्योरुंग्सटीफे, एकशे वीस, जिथे पाणी तिचा चेंदामेंदा करणार. इंग्रजीत मी तिन्ही वेगवेगळे लिहिले, ऑपरेटिंग, टेस्ट आणि कोलॅप्स. साहेबांनी तिन्हींवर लाल रेघ ओढून एकच ओळ ठेवली, मॅक्सिमम डेप्थ नव्वद. म्हणे, गिऱ्हाईक गोंधळतं. गोंधळतंय कसलं डोंबल! घेणाऱ्यांना पर्यटकांना एक बुडालेलं जहाज दाखवायचंय आणि ते पडलंय ऐंशी मीटरवर.

शब्द लिहिण्याआधी वस्तू डोळ्यांनी बघून यायची, ही भाषांतरकाराची खोड तुमचीच. मी शाळेत असताना एका झडपेच्या नावासाठी तुम्ही मला पंपाच्या कारखान्यात नेलंत आणि मी रडकुंडीला येईपर्यंत मिस्त्रींना ती तीनदा उघडायला लावलीत. म्हणून यावेळीही मी वर्कशॉपमध्ये जाऊन आले. तिथल्या फोरमनकाकांनी चाचणीचा दिवस सांगितला. नव्वद मीटरला पाणबुडी दोरावर सोडली होती आणि आत माणूस नव्हता. सहाही खुर्च्यांवर वाळूची पोती पट्ट्यांनी आवळून बसवली होती. वर आली तेव्हा एका खिडकीच्या कडेला बोटभर ओल होती. काका हसत म्हणाले, "पोत्यांनी काही तक्रार केली नाही." मला हसू आलं नाही.

सहीसाठी साहेब तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा गोड बोलले, दुसऱ्यांदा माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीची आठवण दिली आणि तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत म्हणाले की भाषांतर करणाऱ्याने भाषांतर करावं, अक्कल शिकवू नये. मी म्हटलं, तेच तर करतेय. दुसऱ्या दिवशी माझं टेबल जिन्याखाली, झेरॉक्स मशीनशेजारी गेलं. गेलं तर गेलं. मशीन तापतं, पाय आयते शेकले जातात. आईला हे सांगू नका, ती उगाच जिवाला लावून घेईल.

आज दुपारी टपाल बघणाऱ्या बाईंनी त्या मशीनवर एक पाकीट ठेवलं. त्यावर आपल्या घराचा पत्ता होता. मी विचारलं, तेव्हा खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. आत माझंच भाषांतर आहे, तीन आकड्यांची एकच ओळ केलेलं, आणि शेवटच्या पानावर तुमच्या अधिकृत भाषांतरकाराच्या शिक्क्यासाठी जागा सोडलीय. तुम्ही हो म्हणालात. अट एकच घातलीत, शिक्का मी मारतो, पोरीला काढू नका. बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी करताय, म्हणूनच माझा जीव जास्त जळतोय. मला तुमचा इतका राग याआधी कधीच आला नव्हता. पाकीट उद्या निघून परवा पोचेल, हे पत्र त्याच्या आधी तुमच्या हातात पडावं म्हणून आत्ताच टाकतेय. राजीनामा मी चार वाजता दिला, तेव्हा तुमच्या अटीत आता काही उरलेलं नाही. घेणाऱ्यांनाही तिन्ही आकडे कळवलेत, खाली माझं पूर्ण नाव लिहून. तरीही तुम्ही शिक्का मारलात, तर तो खोटा आहे हे चारचौघांत सांगायला मीच उभी राहीन. तुमच्याकडे बघून सांगेन.

तुमचीच,
ठमी