खडकाला लावलेला स्वेटर

प्रिय ऑर्नेला,

मी, एर्मेते दि स्ताझिओ, वय वर्षे छपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मेंढपाळांच्या सहकारी संस्थेचा हिशेबनीस आणि रविवारी पिएत्राफोस्काच्या डोंगरवाटांवरचा वाटाड्या, हे पत्र तुझ्याकडे एक वस्तू मागण्यासाठी लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे तुझ्या आईचा निळा स्वेटर. फेब्रुवारीत जाताना तू तो अंगात घालून बोलोन्याला नेलास. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, संत लिबेरातोच्या जत्रेला, तो मला एका दिवसापुरता हवा आहे. इतके वाचून तू हसशील. आईही हसली असती. 'मला मागणी घालायला आले तेव्हासुद्धा यांनी आधी नाव, शिक्षण आणि हुद्दा सांगितला. मला वाटलं, जनगणनेवाले आले,' असे ती चारचौघांत सांगत असे. सवय जात नाही. मागणी आधी लिहिली. तिचे कारण शेवटी येईल.

इकडचे वर्तमान असे. बर्फ वितळल्यापासून वाटा खुल्या आहेत आणि पेस्काराहून, रोमहून माणसे येत आहेत. मी त्यांना नेहमीच्याच वाटेने नेतो: जुन्या गिरणीपासून चढण, मग रोमनांच्या फरसबंदीचा उरलेला तुकडा, मेंढपाळांच्या गोल दगडी खोपी, पडका किल्ला, आणि सर्वांत वर, कड्याच्या पोटात, लिबेरातोची गुंफा, जिच्यातल्या खडकाला लोक दुखणे जावे म्हणून पाठ घासतात. पूर्वी मी पुढे असे आणि आई सर्वांच्या मागे, धापा टाकणाऱ्यांना बोलण्यात गुंतवत. किल्ल्यापाशी ती त्यांना बुरुजावरून उडी घेतलेल्या राजकन्येची गोष्ट सांगायची आणि मी दर वेळी खुलासा करायचो, की येथे राजकन्या कधीही नव्हती, मेंढ्यांवरचा कर गोळा करणारा अधिकारी राहत असे. लोक आम्हा दोघांनाही हसत. मे महिन्यात एका बाईंनी विचारले, 'गेल्या वर्षी एक ताई राजकन्येची गोष्ट सांगायच्या, त्या कुठे आहेत?' मी राजकन्येची गोष्ट सांगितली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आईच्याच क्रमाने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यालो आणि पुढे चालू लागलो. करविषयक खुलासा करायचा राहून गेला, एवढेच मनात आले.

माझे असेच चालले आहे. मी जेवतो, झोपतो, दाढी करतो. परवा कॉफीचे तापलेले भांडे हाताला लागून फोड आला. तो मला संध्याकाळी साबण लावताना दिसला. नुन्झिओच्या कॉफीच्या दुकानात सकाळची मंडळी पत्ते घेऊन बसलेली असतात. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात मी तेथे गेलो, तेव्हा नुन्झिओ नेहमीच्या खोडीने ओरडला, 'काय हिशेबनीस! बायको गेली का बढती मिळाली, कळायचं कसं? चेहरा तर तोच!' पत्ते थांबले. कुणीतरी म्हणाले, 'जीभ छाट रे त्याची.' नुन्झिओचे तोंड पांढरे पडले. तो गल्ल्यामागून बाहेर आला, माझ्या गळ्यात पडला आणि ढसाढसा रडू लागला. मी त्याची पाठ थोपटत राहिलो. कॉफी निवत आहे, हे माझ्या लक्षात आले. नंतर त्याने दुसरी करून दिली आणि म्हणाला, 'एकदा शिवी तरी हासड ना मला!' मला योग्य शिवी आठवेना.

तूही त्याच आठवड्यात बसथांब्यावर मला विचारले होतेस, 'बाबा, तुम्हाला काहीच होत नाही का हो?' मी म्हणालो होतो, 'बस सुटेल.' ते खरे होते. चालकाने दार लावायला घेतले होते. परंतु ते तुझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

आता स्वेटरविषयी. तुला ठाऊक नसलेला भाग येथून सुरू होतो. आई अंथरुणाला खिळल्यावर एके दिवशी तिने तो स्वेटर अंगातून काढला आणि माझ्या हातात दिला. 'लिबेरातोच्या खडकाला लावून आणा,' म्हणाली. मी म्हणालो, तो चुनखडीचा खडक आहे. पाठ घासल्याने ऊब मिळते आणि बरे वाटते, यापलीकडे त्यात काही नाही. हे मी चालायला येणाऱ्यांनाही सांगत आलो आहे. ती म्हणाली, 'माझी खडकावर कुठे श्रद्धा आहे? तुमच्या पायांवर आहे. घरात बसून माझ्या तोंडाकडे बघण्यापेक्षा डोंगर चढा.' म्हणून मी जात राहिलो. सबंध हिवाळा, वाट उघडी असेल त्या प्रत्येक रविवारी. खाली आलो की ती स्वेटर अंगात घाली, तुझ्याशी फोनवर बोले, आणि मी कुठे होतो ते सांगत नसे. नुन्झिओच्या मंडळींना कळले असते, तर त्यांनी मला मरेपर्यंत चिडवायचे सोडले नसते.

जूनमध्ये गुंफेत पास्क्वामावशी भेटली. गुंफेची झाडलोट अजून तीच करते. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. मला पाहताच म्हणाली, 'ये रे, लपून येणाऱ्या. हिवाळ्यात बर्फावर तुझ्या बुटांचे ठसे बघत होते मी. लाज वाटत होती होय, देवाकडे यायची?' मी स्वेटरचे सांगितले. तिने मान डोलावली आणि विचारले, 'नीट हातानं घासलास ना? घडी करून, तळव्याखाली धरून?' मी सांगितले, की वर वारा फार असे आणि हात चढणीच्या काठ्यांत अडकलेले असत. म्हणून मी स्वेटर अंगात चढवत असे आणि त्यासकट पाठ खडकाला घासत असे. लोकर खडकाला लागली म्हणजे झाले, असा माझा समज होता.

मावशीने झाडू खाली ठेवला आणि पायरीवर बसकण मारली. 'अरे गाढवा,' ती म्हणाली, 'एवढी बुकं शिकलास, आणि शेंबड्या पोराला ठाऊक असलेली रीत तुला कळू नये? खडकाला लोकर कुणाची ते काय समजतं? कपड्यात जो माणूस असेल, त्याचं दुखणं तो घेतो.'

मी म्हणालो, 'मावशी, माझं तर काहीच दुखत नव्हतं.'

'दुखणार होतं ना!' ती म्हणाली. 'ते त्यानं आधीच उचललं. सगळंच्या सगळं. म्हणून तर असा फिरतोयस, धुऊन वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा.'

मला हसू आले. मग मी विचारले, 'आणि तिचं?' मावशीने झाडू उचलला आणि आधीच झाडलेला कोपरा पुन्हा झाडू लागली.

मी यावर विश्वास ठेवत नाही, हे तुझ्या माहितीसाठी नोंदवतो. आईचा आजार कोणता होता, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितले होते. त्यात खडकाचा, लोकरीचा किंवा माझ्या पाठीचा काही संबंध नाही. तरीही खाली उतरताना, मेंढपाळांच्या खोपीपाशी, मी बराच वेळ थांबलो. शेवटच्या दिवसांत तिच्या वेदना कमी झाल्या नाहीत, हे मी पाहिले आहे. आणि माझ्या वाट्याच्या वेदना अद्याप आलेल्या नाहीत, हेही मी पाहत आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला मावशीच्या स्पष्टीकरणाखेरीज दुसरे सुचत नाही. कॉफीच्या दुकानातल्या मंडळींना सुचेल. पण त्यांना मी विचारणार नाही.

पुढच्या रविवारी मी मावशीला विचारले, की खडकाने घेतलेले परत मिळते का. तिने झाडू भिंतीला टेकवला. म्हणाली, 'आजवर सगळे द्यायलाच आले रे. मागायला आलेला तू पहिलाच.' मग विचार करून म्हणाली, की जत्रेच्या दिवशी, तोच कपडा, पोटच्या लेकराने उघड्या हाताने खडकावर धरावा आणि बापाचे नाव घ्यावे. ही जुनी रीत आहे की तिने माझ्यासाठी त्या क्षणी रचली, याची मी चौकशी केलेली नाही.

तेव्हा ऑर्नेला, आरंभी केलेली मागणी मी दुरुस्त करतो. स्वेटर टपालाने पाठवू नकोस. तो घेऊन तू ये. चढण मी तुझ्या चालीने चढेन. मागे मी राहीन, पुढे तू हो. खाली जत्रेत मेंढीच्या मटणाचे तुकडे सळ्यांवर भाजत असतील आणि नुन्झिओ काहीतरी बोलेल. तिकडे लक्ष देऊ नकोस. माझे जे काही त्या खडकात आहे, ते मला परत हवे आहे. ती माझी बायको होती आणि ते दुःख माझे आहे. ते डोंगराकडे राहणे योग्य नाही. बसथांब्यावर तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यानंतरच देता येईल, आणि ते तू समोर असताना द्यावे अशी इच्छा आहे. मावशीने एक अट घातली आहे: स्वेटर धुतलेला नसावा. तू तो धुतला असशील, तर मला सांगू नकोस. तरीही ये.

तुझाच,
बाबा
(एर्मेते दि स्ताझिओ)

पिएत्राफोस्का
३ ऑगस्ट