मुरमातलं पाणी

अप्पा, विहीर आटली. आधी हेच सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा परगावाहून आलात की चपला काढायच्या आधी विहिरीचंच विचारायचात.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला मी तलवाड्याला आले होते, तेव्हाचं आठवतं. जमिनीखाली नदी वाहते का, असं मी विचारलं, आणि तुम्ही दुकानातून पोहे आणि खडीसाखर घेऊन थेट आईच्या चुलीपाशी आलात. एका ताटलीत पोहे, दुसरीत खडे. दोन्हींवर पाणी ओतलंत. पोहे पाणी पिऊन फुगले. खड्यांमधून ते घसरून तळाला गेलं. "माती, मुरूम म्हंजी हे पोहे. काळा पाषाण ही खडीसाखर, फट असंल तरच वाट. आन् हिरीत पाणी नसतंय पोरी, येतंय. मुरमातून, हळूहळू." भिजवलेच आहेत तर आता खा, असं आई म्हणाली, आणि दही घालून आपण तो मुरूम खाल्ला.

या उन्हाळ्यात धाकट्या भावाने मोसंबीसाठी विहिरीच्या काठालाच बोअर घेतला. विहिरीला पाणी आहे म्हणजे तिथं लागणारच, हा त्याचा हिशोब. भोकाच्या कडा बंद करणारा केसिंग पाइप वरच्या मातीपुरताच टाकला. खालचा मुरूम उघडा राहिला. मशीन थांबलं आणि आतून खळखळ ऐकू आली. लगेच नारळ फुटला, पाइपाला हळदकुंकू लागलं. "ताई, कान लाव, लई पाणी लागलंय." मी कान लावला. तो पाणी पडण्याचा आवाज होता. आपल्या मुरमातलं पाणी त्या भोकातून खाली, पाषाणाच्या कुठल्या तरी फटीत निघून चाललं होतं. मी त्याला तुमचे पोहे सांगितले, पाइप मुरमाच्या खालपर्यंत घे म्हणाले. तो हसला. "ताई, हितं शेती हाय, तुझी सिस्टर न्हाई शिकवायला." मग मोटार सोडली, तर थोडं गढूळ पाणी येऊन ती कोरडीच फिरू लागली. तेव्हा त्यानं मशीनवाल्याला परत बोलावलं. आत खडक ढासळलाय, आता पाइप उतरत नाही, एवढं सांगून तो गेला.

विहिरीतले दगड रोज थोडे थोडे उघडे पडत गेले. शेजारचे मामा शेळ्या घेऊन विहिरीजवळच्या हौदावर येतात, तसे आले आणि कोरड्या हौदाकडे बघत राहिले. "बोअरला पाणी लागलं म्हंता, मग हिरीचं कावून गेलं, बाई?" मला सगळं कळत होतं आणि हातात काहीच नव्हतं. घरातली घागर आणून शेळ्यांपुढे ओतली.

भाऊ मात्र रोज सकाळी पाइपाला कान लावतो. आवाज आहे तोवर खाली पाणी साठतंय, कधीतरी वर येईल, असं म्हणतो. आज त्यानं स्वतः लावला नाही, मला लावायला सांगितलं. मी वाकले. आत काहीच नव्हतं. पडायला वर थेंब उरला नव्हता.

"येतोय न्हवं आवाज?" त्यानं विचारलं.

हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते, अप्पा. मी हो म्हणाले.