सुताची गाठ

पाथर्डी,
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

लाडक्या सृष्टीला आजीचा पोटभर आशीर्वाद.

आमी सगळी बरी हाओत. पुण्यात थंडी लई म्हणतात, कानाला बांधत जा. फोनच करणार हुते, पण पप्पाचं नाव निघालं की तू "आजी, लेक्चर हाय" म्हणून ठेवून देतीस. म्हणून कागद घेतला. शेजारची जयमाला उद्या एसटीनं पुण्याला भावाकडं चाललीय, तिच्यासंगं तिळाचे लाडू अन् हे पत्र देते. अक्षर लागलं न्हाई तर मोठ्यानं वाच, बोलल्यासारखंच लिहिलंय.

पहिली बातमी शेळीची. घोडेगावच्या बाजारातनं आणलेली ती काळी गं, तिनं आज गुलाबी खळ चाटून खाल्ली. तोंड असं रंगलं की तुझी आई हसून हसून खालीच बसली. आता तू म्हणशील, खळ कशाला केली हुती? सांगते. आजी लई खुशीत हाय, दमानं सांगू दे.

तुझ्या पप्पानं पतंग उडवला.

व्हय, सुनीलनं! वरीस झालं, त्यानं मान वर करून आभाळ बघितलं न्हाई. गळ्यावरचा वण दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात मफलर. अन् आज सकाळी स्वतः भात शिजवून खळ केली, रंग घातला, अंगणात लिंबापासून खांबापर्यंत सूत ताणलं अन् चिंधीनं खळ लावत बसला. काचेची पूड घातली न्हाई. मी विचारलं बी न्हाई.

दुपारी गच्चीवर गेला. समोरच्या छगनचा पतंग वरच हुता. दोघांचा पेच लागला अन् सुनीलनं अशी खेच मारली की छगनचा पतंग गेला गिरक्या खात! सुनीलनं 'वक्काट' वरडायला तोंड उघडलं. नुसता वारा आला गं. मला बघवलं न्हाई. मीच पदर खोचला अन् वरडले, "वक्काट रे वक्काट!"

छगन पलीकडनं म्हणतो, "राहीमावशी, दात पडत्याल!"

म्हटलं, "माझे दात ऱ्हाऊ दे मेल्या, तुझा पतंग हुडीक!"

सगळी गल्ली हसली. सुनील बी हसला. आवाज न्हाई, पण खांदे हलत हुते.

आता मघापासनं लिहायचं टाळतेय ते लिहिते.

गेल्या संक्रांतीला दवाखान्याच्या जिन्यात तू माझ्या पदरात तोंड घालून म्हणालीस, "आजी, तो मांजा माझा हुता." पप्पानं नायलॉन आणू नको म्हणून बजावलं हुतं, तरी तू मैत्रिणीकडनं घेतलास. तुझा पतंग काटला, दोरा रस्त्यावर आडवा लोंबला, अन् नेमका मोटारसायकलवर तोच आला. कुणाला सांगू नको म्हणून तू माझा हात डोक्यावर ठेवून घेतलास. मी तुझ्या आईला बी बोलले न्हाई.

आज पतंग उतरवल्यावर सुनील माझ्याजवळ बसला. त्याचं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाला, "आई, सृष्टी घरी का येत न्हाई ते मला माहीत हाय."

"अभ्यास असंल," मी म्हटलं.

"त्या दोऱ्याला गाठ हुती. डाव्या हाताची, तीन येढ्यांची. नायलॉनला अशी गाठ कुणी मारत न्हाई, घसरती. ती सुताची गाठ. मीच तिला शिकवली."

पोरी, गळ्यात अडकलेल्या दोऱ्याचा तुकडा तवा त्याच्या मुठीत हुता. दवाखान्यात नर्सनं सांगून बी त्यानं मूठ उघडली न्हाई. पोलिसानं विचारलं, दोरा कुणाचा, तवा मान हलवून न्हाई म्हणाला. पहिल्या दिसापासनं त्याला ठाऊक हाय.

मी म्हटलं, "अरे, मग वरीसभर गप का?"

"तिनं सांगावं म्हणून थांबलो. चुकलं माझं."

"राग न्हाई आला?"

त्यानं मफलर सारखा केला. मग म्हणाला, "रस्त्यावर पडलो तवा एकच भ्या वाटलं. तिनं गच्चीवरनं बघितलं तर न्हाई?"

तू बघितलं हुतंस. मी त्याला सांगितलं न्हाई. ते तू सांग. फोनवर न्हाई, त्याला फोनवर बोलता येत न्हाई. इथं येऊन, त्याच्याजवळ बसून.

बुधवारी संक्रांत हाय. मंगळवारी संध्याकाळी तो स्टँडवर येऊन थांबणार हाय. मी म्हटलं, पोरगी येती का न्हाई ते विचारू तरी दे. तर म्हणाला, "मी थांबतो."

तुझ्यावर रागवायचा हक्क कुणाला असंल तर तो मला. माझ्या पोटच्या पोराचा गळा हाय तो. महिनाभर मी त्याला चमच्यानं पेज पाजली. अन् मीच तुला म्हणते, ये.

आधी सुनीलची आई,
मग तुझी आजी,
राहीबाई