मोहावर सोडलेलं एक

मॅडम, तुम्ही मले विचारलंच नाई, हे माह्यं अजूनही म्हणणं आहे. 'तू काढलंस का रे' एवढंच विचारलं असतं, तं मी तिथंच हो म्हटलं असतं. निदान मले तसं वाटते. तुम्ही मामाले विचारलं, मामाले बोलल्या, त्या दिवसापासून मामाले फाटकाच्या आत घेतलं नाई, अन् मी बाजूले तुमची पिशवी अन् पाण्याची बाटली धरून उभा होतो. आठ वर्षं झाली तुमाले जाऊन. भांडण काही मिटलं नाई. तुमच्याकडून उत्तर येत नाई म्हणून दोन्हीकडून मीच भांडतो.

मी सध्या तामिळनाडूत आहे, होसूरच्या बाहेर. सुरत झालं, पुणं झालं, कुठंच टिकलो नाई, इथं मात्र दीड वर्ष निघालं. काम काय म्हणाल तं ऑर्किडच्या शेडमधे. तुमाले ऑर्किड म्हटलेलं खपायचं नाई, 'आमरी म्हण, आपल्याकडे शब्द आहे' म्हणायच्या. इथं आमरी नारळाच्या सालीवर रांगेनं टांगली आहे, जांभळी अन् पांढरी, अन् नाक लावलं तरी वास नाई. चारी बाजूनं बारीक जाळी. मधमाशी आत घुसून फुलावर बसली का फूल दोन-तीन दिवसांत मान टाकते, मंग ते बाजारात चालत नाई. म्हणून सकाळी आत शिरलेल्या माशा मारायचं काम माह्याकडे दिलं आहे, मच्छर मारायच्या बॅटनं. कोणती माशी कोणत्या फुलावर किती वाजता येते, हे मी तुमच्या रजिस्टरसाठी चार वर्षं पाहत फिरलो, ते असं कामी येऊन राह्यलं. सुपरवायझर म्हणते, "तेरे को मक्खी जल्दी दिखती है रे." मी हसतो. तुम्ही शिकवलं हे त्याले काय सांगू?

वर्ध्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात जेवायले जागाच नसायची. टेबलावर पेपरच्या घड्या, घडीत पानंफुलं, अन् वरून दाब म्हणून भरलेलं सिलेंडर. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून भाकर खायच्या अन् मले खुर्ची द्यायच्या. एकदा पाच वाट्या मांडल्या अन् म्हणाल्या, डोळे मीट, चाट, अन् सांग कशाचा मध. कडुनिंबाचा ओळखला, करंजाचा ओळखला, जवसाचा चुकलो. तुम्ही टाळी वाजवली होती. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसासाठी कोणी टाळी वाजवते का? त्या दिवशी गाडीवर कारंज्याले परत येईपर्यंत मी गाणे म्हणत होतो.

चढायचं मात्र मी तुमच्याकडे नाई शिकलो, मामाकडे शिकलो. माह्या नात्यातला नाई तो, पण सारं गाव त्याले मामाच म्हणते. आग्यामोहोळाचा मध काढणारा. मोहोळ कापलं तरी शेवटचा एक तुकडा फांदीले ठेवायचा. "हा माशीचा वाटा. हा काढला तं पुढल्या साली तुले फांदीच भेटंल चाटाले," असं म्हणायचा. तुमाले ते इतकं आवडलं का कॉलेजच्या पोरींपुढं सांगायच्या, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. झाडावर जे काही उगवलं त्याले आमच्याकडे सरसकट बांडगूळ म्हणायचे. बांडगूळ झाडाचा रस पिते, आमरी नुसती बसते, काही घेत नाई, हा फरक मामानं एका दिवसात धरला. मले आठवडा लागला.

अन् मंग ते रजिस्टर. नाल्याजवळच्या म्हाताऱ्या मोहावर तुमची आमरीची सव्वीस रोपं होती, प्रत्येकाखाली खिळ्यानं ठोकलेला टिनाचा बिल्ला. फुलं किती, शेंगा किती, हे मी वरून ओरडायचो अन् तुम्ही खाली लिहायच्या. एकदा तुमचा चष्मा घरी राह्यला म्हणून मी खाली येऊन लिहिलं. सहाच्या ओळीत नऊचं लिहिलं, नऊच्या ओळीत सहाचं. तुम्ही दोन पोरींसमोर पान फाडलं अन् म्हणाल्या, "तू लिहू नको. तू चढ." बस, एवढंच. तुमाले आठवतही नसंल. मी चढलो. वरून तुमच्या तिघींचे फक्त डोके दिसत होते, अन् मले तेव्हा पह्यल्यांदा वाटलं का माकडासाठी कोणी टाळी वाजवते तेव्हा माकडालेही असंच बरं वाटत असंल.

तुम्ही त्या उन्हाळ्यात दवाखान्यात भरती झाल्या. नागपूरचा एक व्यापारी गावात आला, आमरीच्या मुळ्या दवाईसाठी किलोनं घेत होता. मामानं त्याले हाकलून लावलं, "चाल निंग इथून, नाईतं माशा सोडतो अंगावर." मी त्याले पुढच्या वळणावर गाठलं. पैसे पाहिजे होते हे खरं, गाव सोडायचं होतं. पण मॅडम, नुसते पैशासाठी नाई. मी एक-एक बिल्ला वाचत चढलो. सहा नंबर आधी काढला, मंग नऊ. पंचवीस काढले. सगळ्यात वर, दोन फांद्यांच्या दोंदाडीतल्या सव्वीसाव्यापाशी हात थांबला. शेंग होती त्याले. तसंच सोडून उतरलो. काऊन सोडलं ते मले तेव्हाही समजलं नाई, हाताले सवय होती म्हणून सोडलं.

तुम्ही दवाखान्यातून आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. आपण तिघं गेलतो, तुम्ही, मामा अन् मी. मोहाखाली तुम्ही किती वेळ मान वर करून उभ्या होत्या. बिल्ले होते, रोपं नव्हते. बारा वर्षांचं काम होतं ते तुमचं. मले वाटलं तुम्ही रडाल. तुम्ही ते वरचं एक पाहिलं अन् तुमचा चेहरा बदलला. मामाकडे वळल्या.

"एक ठेवलंस."

"बाई, मी नाई."

"चढून, सगळं काढून, एक मागे ठेवणारा माणूस या भागात मला एकच माहीत आहे. मीच तर सगळ्यांना सांगत फिरले."

"बाई, माह्या लेकीची आण घेतो."

"लेकीला मध्ये आणू नको. तुला मी आमरी दाखवली रे, आणि तू बांडगूळ निघालास."

तेव्हा मामानं माह्याकडे पाह्यलं. एकच क्षण. मले चढायले कोणी शिकवलं, एक सोडायले कोणी शिकवलं, हे त्याच्याशिवाय कोणाले माहीत होतं? तुमाले माहीत असायले पाहिजे होतं. तुमच्या डोक्यात ते आलंच नाई, कारण तुमच्यासाठी मी फक्त चढणारा होतो. पाहा, पुन्हा तुमच्यावरच ढकलून राह्यलो. मामानं नजर खाली घातली अन् चपला घालून निघून गेला. मी तुमाले गाडीवर बसवलं. रस्त्यात तुम्ही म्हणाल्या, "तू तरी आहेस." मी ॲक्सिलेटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी मामा पाणवठ्यावर भेटला. मले वाटलं मारंल. त्यानं बिडी शिलगावली अन् म्हणाला, "पोट्ट्या, सारंच काढलं असतं तं मी तरी वाचलो असतो." अन् हसला. खरंच हसला. मी म्हटलं, मामा, मी सांगतो मॅडमले. तो म्हणाला, "बाई बऱ्या होऊ दे. आत्ता सांगशील तं त्याईले दोन मानसं गमवा लागन." मी ते सोयीचं धरलं. चार दिवसांनी सुरतची गाडी धरली. दिवाळीनंतर तुम्ही गेल्या. मले फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो, मशीन थांबवलं नाई.

काल आईचा फोन होता. मामाले लकवा मारला, उजवा हात गेला, लेकीकडे पडून आहे. मंग आई म्हणते, "चोरीचा हात तो, देव पाहतेच. त्या मॅडमबाईनं किती जीव लावलता त्याले." माह्या आईनं म्हटलं हे. मी म्हणू शकत होतो, आई, तो हात माहा होता. तोंड उघडलं होतं मी. आईनं विचारलं, "काय म्हनतं?" मी म्हटलं, "काई नाई, जेवली का?"

तुमाले लिहून टाकलं कारण तुम्ही आता मले खाली उतर म्हणू शकत नाई. मामा जिता आहे, त्याच्या लेकीचा नंबर माह्याकडे आहे, अन् गावात अजूनही त्याले चोर म्हणूनच ओळखतात. सांगायचं असंल तं तिथं सांगायचं. हे कागद शेडच्या मागे खताच्या ढिगात जातील, मले माहीत आहे. आत्ता लेकीच्या खात्यावर पैसे टाकून राह्यलो. फोन विचारते, कशासाठी? मी लिहिलं 'मोहावरचं मी काढलं, मामानं नाई'. मंग पुसलं. 'दवाई' लिहिलं. सहा हजार रुपये.