तुमच्या कमरेच्या मापाचा ओटा

बाबा, बुलडाण्यात आम्ही घर बांधतोय, आणि त्याच्या स्वयंपाकघरावरून माझं डोकं असं तापलं आहे की तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आज तुम्हालाच धरून बसले आहे. शाळेतल्या आम्ही मास्तरणी सध्या दुसरं काही बोलतच नाही. कोणाकडे ओट्यावर काळा कडप्पा बसला, कोणी भिंतीला पांढऱ्या टाइल्स लावल्या, एकीनं तर ओट्यातच भांडी घासायचं सिंक करून घेतलं. खाली बसून रांधणारीला आता मागासलेली म्हणतात. परवा एकीनं मासिक आणलं, त्यात निळ्या स्वयंपाकघराचा फोटो होता. खिडकीत फुलदाणी, आणि ओट्याशी उंच टाचांच्या चपला घालून एक बाई हसत हसत पोळी लाटते आहे. बाकीच्या हरखून गेल्या. मला आपल्या गावचा, धामणगाव बढे इथल्या घरातला ओटा आठवला आणि अंगाचा तिळपापड झाला.

खामगावला कोणा व्यापाऱ्याच्या घरी उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पाहून आला होतात तुम्ही. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावात वीज यायची बोलणी चालली होती, आणि तुम्हाला सगळंच नवं पाहिजे होतं. लगेच शहाबादी फरशी आली, गवंडी आला. परका माणूस घरात म्हणून माय डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी. गवंड्यानं विचारलं, "मालक, उंची किती घेऊ?" आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही ते तुम्ही, भिंतीशी ताठ उभे राहिलात, कमरेवर हात ठेवलात आणि म्हणालात, "एवढी घे." अख्ख्या गावात तुमच्याएवढा उंच माणूस नव्हता. माय तुमच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती. अहो, नुसती हाक मारायची होती तिला! दाराआडच तर होती.

ओटा झाला तो मायच्या छातीला लागायला लागला. मग तिनं पाट घेतला पायाखाली. पण भाकर थापायला वरून जोर लागतो, तो छातीएवढ्या उंचीवर येणार कुठून? म्हणून ती खाली बसून काठवटीत भाकर थापायची, हातावर घेऊन उठायची, पाटावर चढायची, तव्यावर टाकायची, की पुन्हा खाली. गडीमाणसं धरून घरात जेवणारे केवढे! आणि तुम्ही ताटावरून ओरडायचात, "आज भाकर जाड काऊन झाली?" मी एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, ओटा खाली करा न, मायचा हात पुरत नाई." तर म्हणालात, "तुले कोनं विचारलं वं? गावात पयला ओटा आपल्या घरी झाला. आता फोडला तं लोकं हासतीन." लोकं हासतीन म्हणे! तिच्या खांद्यांना मी रोज तेल चोळत होते, ते कोण पाहत होतं?

आणि तो दिवस. माय वरणाचं पातेलं उतरवते आहे, पायाखालचा पाट सरकतो, आणि उकळतं वरण तिच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळतं. तिच्या तोंडून नुसतं "वो माय" निघतं. तुम्ही ओसरीवरून धावत येता, हात पाहता आणि बोलता काय, तर "धड उभं राहता येत नाई काय तुले? एवढा साहेबी ओटा करून देल्ला!" दुसऱ्याच दिवशी पिंपळगाव राजाहून पाहुणे आले. त्यांना थेट आत आणलंत तुम्ही, ओटा दाखवायला. फरशीवरून हात फिरवत होतात. माय भाजलेला हात पदराखाली धरून दुसऱ्या हातानं चहा गाळत होती. पाहुणे म्हणाले, "वैनीची मजा हाय बुवा." आणि तुम्ही हसलात. जळो ते हसू! त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच.

आता माय माझ्याकडे राहायला आली आहे. डोळे चांगले आहेत, जेवण अजून स्वतःच्या हातचंच लागतं तिला. म्हणून मी ठरवलं, हा ओटा तिच्या मापाचा करायचा. मी उंचीनं तुमच्यावर गेले, मला वाकावं लागेल, लागू दे. काल तिला अर्धवट बांधलेल्या भिंतीशी नेलं, गवंड्यादेखत म्हटलं, "माय, इथं उभी राह्य आन् हातानं दाखव, कुठवर पाह्यजे तुले?" ती गोंधळली. म्हणाली, "मले काय विचारतं? जावयाले विचार." मी म्हटलं, "जावई रांधतात काय? तू सांग." तेव्हा तिनं हात उचलला आणि नेऊन छातीशी ठेवला. "एवढा कर," म्हणाली, "तुह्या बाबाचा होता तेवढा. आंगवळनी पडला हाय आता."

मी ओरडले हो तिच्यावर, गवंड्यासमोर. तुम्ही गेल्यावर तरी फोडायचा होता तो ओटा, त्याच्यावरच एवढी वर्षं काऊन मरत राहिलीस, म्हणून. तिनं शांतपणे पदर सारखा केला. "त्यायले काऊन बोलतं? हौसेनं केल्ला होता त्यायनं," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन वाळूच्या ढिगाशी उभी राहिली. मी तिच्या मागे गेले नाही. तिच्या कोपराच्या खाली वीतभर अंदाज धरून भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं रेघ ओढली आणि गवंड्याला म्हटलं, एवढाच, बोटभरसुद्धा वर नको.

हे पत्र टाकायचं कुठं, तुम्हाला पत्ता नाही. आणि खरं सांगू का बाबा? मला यातलं निम्मंअधिक तिलाच बोलायचं होतं. एकदा तरी 'नाही' का म्हणाली नाहीस, असं तिच्या तोंडावर विचारायचं होतं. पण ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसली आहे, भाजलेल्या हातावर नेहमीसारखा पदर ओढून, आणि तिला विचारायची माझी छाती होत नाही. तुम्ही मेलेले आहात, तुम्हाला बोलणं सोपं आहे.